दोन टर्बोंचा ट्रक

माझ्याकडे येणारे टर्बो बहुतेक वेळा कुणाच्या तरी मांडीवर बसून यायचे. आलापल्लीहून, सिरोंच्याहून, कधी पार कोरचीहून ड्रायव्हर एसटीनं यायचा, पोत्यात गुंडाळलेला टर्बो मांडीवर घेऊन. पंधरा-वीस किलोचं ओतीव लोखंड, पण खाली ठेवलं तर कुणाचा पाय लागेल ही भीती. चंद्रपूरला उतरून ऑटोनं पठाणपुरा गेटाबाहेरच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात यायचा, पोतं टेबलावर ठेवायचा, कपाळाचा घाम पुसायचा आणि म्हणायचा, "सत्तारभाऊ, पाहा बरं, वाचते का."

मी टर्बोचा मधला दांडा बोटांनी वर-खाली हलवून पाहायचो. केसाएवढा हलला तर ठीक. खडखड हलला तर समजायचं, गेला. ते तोंडावर सांगायला मला कधी जमलं नाही. "चहा घ्या आधी," एवढंच म्हणायचो. हळूहळू सगळ्या ड्रायव्हर लोकांना कळून गेलं की सत्तारभाऊनं चहा मागवला म्हणजे टर्बो वाचत नाही. पुढे पुढे माझा चहा कुणी घेईना.

ज्यांचा इंजिनांशी संबंध नाही त्यांच्यासाठी टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो. दांडा एकच, म्हणून दुसराही पंखा फिरतो. तो बाहेरची हवा ओढतो आणि दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जळतं आणि ताकद वाढते. नाहीतरी वाया जाणाऱ्या धुराकडून करून घेतलेलं हे काम. दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. आमच्या भागात या दांड्याचे वैरी दोन. एक कोळशाची धूळ आणि दुसरा घाई. माजरीच्या खाणीतून भरून आलेला ट्रक ड्रायव्हर ढाब्यावर थांबवतो आणि लगेच किल्ली फिरवून उडी मारतो. इंजिन थांबलं की तेल थांबतं, पंखा मात्र अजून गरगरत असतो. दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं असतं तर वाचला असता. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन, आणि ऐकणाऱ्यानं किती वेळा मान डोलावून पुन्हा तेच केलं असेल!

नव्वदनंतरच्या काळात टर्बोचे ट्रक नवे होते, तेव्हा मालकांनाही त्यांचं अप्रूप होतं. मूल गावाकडचे एक सरपंच एकदा भांडायला आले. मी त्यांच्या ट्रकचा फाटलेला रबरी पाइप बदलून दिला होता. म्हणाले, "शिट्टी कुठी गेली?" मी म्हटलं, "पाइप फाटला होता, हवा निसटत होती, ती शिट्टी वाजत होती." ते म्हणाले, "वाजत होती म्हून त गावाले समजत होतं का टर्बोची गाडी आली. मले शिट्टी परत पाहिजे." गाडीची निम्मी ताकद त्या शिट्टीतून जाते हे समजावता समजावता माझा एक तास गेला. तरी जाताना ते नाराजच होते.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण या अंकाच्या संपादकांनी आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा पहिली आठवण आली ती एका ट्रकची आणि तो चालवणाऱ्या नवरा-बायकोची. तीच सांगतो. तिच्यात माझी शेखी आहे आणि माझी चूकही आहे.

लच्चू सिडाम आणि त्याची बायको गिरजाबाई, जिवतीच्या डोंगरावरच्या एका गावचे. जिवती तालुका झाला त्याच सुमाराची गोष्ट. दोघांनी जुना सहा सिलिंडरचा ट्रक घेतला होता. क्लीनर ठेवणं परवडत नव्हतं म्हणून गिरजाबाईच क्लीनर. चाकाची हवा पाहणं, ताडपत्री बांधणं, घाटात गाडी मागे घसरू नये म्हणून चाकाला लाकडी गुटका लावणं, गाडी मागे घेताना हात दाखवणं, सगळं ती करायची. पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा बोलला लच्चू, पण इंजिनाचं झाकण उघडलं तिनं.

लच्चू म्हणाला, "भाऊ, सपाटीवर गाडी वाऱ्यासारखी आहे. पण आमच्या घाटात टर्नले हळू होते. मंग मी पाय दाबतो, त काहीच होत नाई. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत झोपूनच राह्यते. अन् मंग एकदम उठते, मुरमावर चाक फिरून जाते."

"तीन नाई, चार," गिरजाबाई म्हणाली. "मी मोजत असतो."

आमच्याकडे बायकाही काही गावांत 'मी मोजतो, मी जातो' असंच म्हणतात. तिचं बोलणं तसंच होतं.

मी पाहिलं. आधीच्या मालकानं माजरीचा कोळसा वाहण्यासाठी मुद्दाम मोठ्या मापाचा टर्बो बसवून घेतला होता. मोठा पंखा भरपूर हवा देतो, पण त्याला फिरायला धूरही भरपूर लागतो. इंजिन जोरात चालू असेल तर धुराला तोटा नाही. घाटातल्या वळणावर इंजिन मंदावतं, धूर कमी होतो, पंखा आळसावतो. ड्रायव्हर पाय दाबतो तेव्हा आधी धूर वाढायला हवा, मग पंख्यानं वेग घ्यायला हवा, मग हवा यायला हवी. या सगळ्यात जो वेळ जातो तोच लच्चूचा एक-दोन-तीन, किंवा गिरजाबाईचा चार. आम्ही दुकानात त्याला 'टर्बोची झोप' म्हणायचो.

झोप मोडण्याचा सरळ उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. टर्बो लहान लावायचा. लहान पंखा थोड्या धुरावर लगेच उठतो. पण पूर्ण लोडनं सपाटीवर पळताना तो अपुरा पडतो, इंजिन तापतं. मधल्या मापाचा लावला तर दोन्हीकडे थोडं थोडं सोडून चालून जातं. लच्चूची गाडी वर्षातले सात-आठ महिने घाटातच असायची. वर मीठ, किराणा, पत्रे न्यायचे, खाली कापूस आणि तूर आणायची. कोळसा फक्त उन्हाळ्यात. त्याच्यासाठी मधल्या मापाचा टर्बो हेच उत्तर होतं आणि ते मला पाच मिनिटांत कळलं होतं.

मी ते त्याला सांगितलं नाही.

कारण असं की त्याच्या वर्षभर आधी माजरीला एका फोरमनसाहेबांनी मला परदेशी इंजिनांचं एक जाड पुस्तक दाखवलं होतं. त्यात एका इंजिनाला दोन टर्बो होते, एक लहान, एक मोठा. सुरुवातीला सगळा धूर लहान्याकडे जातो. तो लगेच उठतो. इंजिनानं वेग घेतला की मधली एक झडप उघडते आणि धूर मोठ्याकडे वळतो. पाळीपाळीनं दोघं काम करतात, झोप कुठेच नाही. त्या चित्रानं मला झपाटलं होतं. दुपारी जेवताना मी ताटातल्या वाट्या मांडून धुराचे रस्ते आखायचो. फक्त ट्रक मिळत नव्हता. आणि आता ट्रक दारात उभा होता.

"लच्चूभाऊ," मी म्हटलं, "तुह्या गाडीले दोन टर्बो लावू. जिल्ह्यात अशी दुसरी गाडी नसन."

लच्चूचे डोळे चमकले. तो बायकोशी गोंडीत काहीतरी बोलला. मला त्यातला 'टर्बो' एवढाच शब्द कळला. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "याच्यानं घाटात चार मोजा लागन नाई ना?"

"एकसुद्धा नाही," मी म्हणालो.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे. लहान टर्बो मी एका जीपच्या इंजिनाचा घेतला. धुराचा नवीन फाटा जाड पत्र्याचा वेल्ड करून घेतला. खरी अडचण होती झडपेची. ती राहणार लोखंड लाल होईल इतक्या तापलेल्या धुरात. साध्या लोखंडाचा दांडा फुगून अडकून बसतो. मी जुन्या इंजिनांचे धुराचे वॉल्व गोळा केले आणि त्यांच्या दांड्यांपासून झडपेचा दांडा केला, कारण ते पोलाद त्या आगीतच जगायला बनवलेलं असतं. हवेच्या बाजूला दुसरी एक झडप लावली, म्हणजे लहान्यानं दाबलेली हवा झोपलेल्या मोठ्यातून उलटी निघून जाऊ नये. सगळं लेथवर मी स्वतः केलं. गाडीवर चढवून मूल रोडवर रिकामी पळवली. पाय दाबला की ट्रक पाठीत ढकलल्यासारखा निघायचा. लच्चू हसत होता, मी हसत होतो. गिरजाबाई मात्र कान देऊन बसली होती.

"मधात एकदा खोकलते," ती म्हणाली.

"नवं आहे, बसेल हळूहळू," मी म्हटलं. ऐकून सोडून दिलं.

पहिल्या लोडला मी मुद्दाम सोबत गेलो. गडचांदूरहून मीठ आणि सिमेंटचे पत्रे भरले होते. सकाळची वेळ, ऊन चांगलं पडलेलं, सागाची पानं गळायला लागलेली. पहिली तीन वळणं गाडी इतकी सुरेख चढली की लच्चूनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. चौथं वळण उभ्या चढाचं. लच्चूनं दुसऱ्या गियरमध्ये पाय दाबला, लहान्यानं गाडी उचलली, इंजिनानं वेग घेतला आणि नेमकी अर्ध्या वळणात झडप उघडली.

खोकला. मूल रोडवर रिकाम्या गाडीला जो खोकला होता, तो भरलेल्या गाडीला खड्डा झाला. धूर मोठ्याकडे वळला तेव्हा मोठा पूर्ण झोपेत होता. लहान्याचा जोर गेला होता आणि मोठा अजून उठला नव्हता. त्या मधल्या वेळात इंजिनाला हवाच नव्हती. काळा धूर निघाला, इंजिन धडधडलं आणि बंद पडलं.

लच्चूनं ब्रेक दाबून धरला. चाकं थांबली, पण खाली सैल मुरूम होता. चाकं न फिरता गाडी तशीच मागे घसरायला लागली, अगदी हळू. मागे चाळीस-पन्नास फूट दरी. लच्चूनं स्टिअरिंग फिरवून गाडीचा मागचा भाग डोंगराकडे घ्यायचा प्रयत्न केला. मला दार कुठं आहे तेही सुचत नव्हतं. गिरजाबाईनं माझ्या मांडीवरून हात घालून दार उघडलं, मला ओलांडून खाली उडी मारली आणि गुटका घेऊन मागच्या चाकाकडे धावली.

गाडी थांबली. डोंगराला टेकायच्या हातभर आधी थांबली. मग गिरजाबाईचा आवाज ऐकू आला. घसरत्या चाकानं गुटका मागे रेटला होता आणि गुटक्यामागे दगड होता. त्या दोहोंमध्ये तिचा डावा हात होता.

टिकाव घालून दगड आम्ही दोघांनी काढला. खालून येणाऱ्या एका जीपनं तिला गडचांदूरला नेलं. तिथून चंद्रपूरला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. लच्चू दवाखान्याच्या ओट्यावर माझ्या शेजारी बसून राहिला.

आठ-दहा दिवसांनी दोघं दुकानात आले. तिच्या हाताला पट्टी. लच्चू म्हणाला, "भाऊ, ते काढून टाका. जुनंच लावून द्या." मी पाना हातात घेतला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

"काढायचं नाई," गिरजाबाई म्हणाली. "माही दोन बोटं गेली त्याच्यात. आता ते बरोबर करून द्या."

लच्चू तिला काही समजावू लागला. तिनं ऐकलं नाही. ती स्टुलावर बसली आणि मला म्हणाली, "खोकलते काऊन, ते पहिले मले सांगा."

मी तिला दोन टर्बो, दोन झडपा, सगळं हातानं दाखवून सांगितलं. तिनं मध्ये दोन-तीनदा विचारलं आणि मग जरा थांबून म्हणाली, "आमी रानातून मोळ्या आणतो ना भाऊ. एखादीची मान दुखून आली, का दुसरी तिची मोळी घेते. पण दुसरीचा हात खालून लागल्याबिगर पहिली सोडत नाई. दोघी धा पावलं संगच चालतात. मंग पहिली हात काढते. तुमची पहिली त दुसरी उठायच्या आधीच मोळी सोडून देऊन राह्यली."

मी लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस. हे मला सुचलं नव्हतं.

तिचं म्हणणं मी लोखंडात उतरवलं. मधल्या झडपेला एक लहान भोक पाडलं, म्हणजे झडप बंद असतानाही थोडा धूर मोठ्याकडे जात राहील आणि तो संथ का होईना, फिरत राहील. त्याची तेवढ्यापुरती हवा परत फिल्टरच्या पाइपात सोडली, म्हणजे ती कोंडणार नाही. झडप एकदम न उघडता हळूहळू उघडेल अशी स्प्रिंग बदलली. हवेची झडप मोठ्याचा दाब लहान्याच्या बरोबरीला आला तरच उघडेल अशी केली. याला आणखी महिना गेला. या वेळी मूल रोडवर मी वाळूची पोती भरून गाडी पळवली, एकदा नाही, रोज, आठवडाभर.

घाटात चाचणी होती त्या दिवशी मी गिरजाबाईला म्हटलं, "बाई, तुम्ही खालीच थांबा." ती केबिनमध्ये चढून बसली. चौथं वळण आलं. लच्चूच्या कपाळावर घाम. त्यानं पाय दाबला. ती म्हणाली, "एक," आणि गाडी उठली होती. झडप उघडली ती फक्त आवाजावरून कळली. लहान्याच्या बारीक शिट्टीखाली मोठ्याचा जाड सूर मिसळला आणि मग जाडच राहिला. वरपर्यंत गाडी कुठेही अडखळली नाही.

त्यानंतर माझं नाव झालं. ट्रकवाले मुद्दाम वळण घेऊन दोन टर्बोंचा ट्रक बघायला यायचे. माजरीचे फोरमनसाहेबही आले, वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "सत्तार, हे तू चित्रावरून केलंस?" ती माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी शाबासकी. मोळीची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. सांगायला हवी होती.

चार वर्षं ट्रक चालला. मग लच्चूला सिरोंच्याकडची एक मोठी खेप मिळाली आणि तिथं हवेच्या दाबानं झडप उघडणाऱ्या छोट्या डबीतला रबरी पडदा फाटला. पाच मिनिटांचं काम. पण तिथल्या मेकॅनिकनं झाकण उघडलं, दोन टर्बो पाहिले, तेलुगूत "रेंडू?", म्हणजे दोन?, म्हणाला आणि झाकण बंद केलं. हात लावायला तयार होईना. लच्चूनं एसटीडी बूथवरून मला फोन केला. मी तापानं पडलो होतो. तीन दिवसांनी बसनं पोचलो तोवर दोघं गाडीखाली चटई टाकून राहत होते. मी पडदा बदलला. गाडी सुरू झाली. लच्चू म्हणाला, "भाऊ, मशीन चांगली आहे. पण तुमाले काई झालं, त आमी कोणाकडं जाऊ?"

परत आल्यावर मीच म्हटलं, दोन्ही काढू, एक साधा टर्बो लावू, कोणत्याही गावात दुरुस्त होईल असा. आणि मी मधल्या मापाचा टर्बो लावला.

लावल्यावर रीतीप्रमाणे घाटात गेलो. भरलेली गाडी. चौथं वळण. लच्चूनं पाय दाबला. गिरजाबाई म्हणाली, "एक…" आणि दोन म्हणायच्या आत गाडी उठली. दोन टर्बोंइतकी चपळ नाही, पण उठली. आणि चढली. सगळी वळणं चढली.

ती माझ्याकडे वळली. "भाऊ, हे त तवाच लावता आलं असतं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला होता आणि दर वेळी त्याला बगल दिली होती. केबिनमध्ये बगल द्यायला जागा नव्हती.

"हो," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी मला ठाऊक होतं. मला दोन टर्बोंचं करून पाहायचं होतं, म्हणून बोललो नाही."

तेवढ्यात लच्चूनं समोर बघतच म्हटलं, "मलेबी ठाऊक होतं. गडचांदूरच्या मिस्त्रीनं तवाच सांगितलं होतं का लहान लाव म्हून. पण दोन टर्बोची गाडी आपलीच राहीन, असं वाटलं."

मला याची कल्पना नव्हती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडेच पाहत होता.

गिरजाबाईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोघायले ठाऊक होतं," ती म्हणाली. "मलेच नोतं."

गाव आल्यावर ती उतरली आणि घरी चालत गेली. ताडपत्री त्या दिवशी आम्ही दोघांनी सोडली. आम्हाला ती नीट सोडता आली नाही, तीन गाठी कापाव्या लागल्या.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी ती एकटीच एसटीनं चंद्रपूरला आली. दुकानात येऊन स्टुलावर बसली. मी चहा मागवू लागलो, तर म्हणाली, "चहा नको. माफी मागायची असन त तेबी नको. मले शिकवा. गाडीत काय बसते, काय बसत नाई, कोणत्या कामाले कितीचा उपाय पुरते, सारं सांगा. यापुढं गाडीचं मी पाहीन."

मी शिकवलं. ती दर बाजारच्या दिवशी यायची, सहा-सात वेळा आली. टर्बो, पंप, क्लच, ब्रेक. मी पार्ट खोलायचो, ती उजव्या हातानं धरून बघायची आणि विचारायची. जो उपाय मी सांगायचो, त्यावर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "याच्याहून साधा कोणता?" सुरुवातीला मी अडखळायचो. साधा उपाय सांगायची जिभेला सवयच नव्हती. कारागिराला आपल्याला जे करायला आवडेल तेच आधी सुचतं. पुढे दुसरी गिऱ्हाइकं आली तरी तो प्रश्न मलाच ऐकू यायला लागला आणि मी साधा उपाय आधी सांगायला लागलो. काही लोक तेवढ्यावरच खूश होऊन निघून जायचे आणि माझी मोठी कामं हातातून जायची. गेली तर गेली.

शेवटच्या दिवशी ती उठली, पदर खोचला आणि दारापर्यंत जाऊन परत वळली.

"भाऊ, आणखी काई सांगाचं राह्यलं का?"

मी घाईनं उत्तर दिलं नाही. टेबलावरचे सगळे पार्ट एकेक करून पाहिले, मनात आणखी काही दडवलेलं आहे का तेही पाहिलं.

"एक राह्यलं," मी म्हटलं. "फोरमनसाहेबांनी मला शाबासकी दिली होती, तेव्हा तुमच्या मोळीचं मी त्यांना सांगितलं नव्हतं."

ती परत येऊन स्टुलावर बसली.

"मागवा मंग चहा," ती म्हणाली.